भिंतीवरचं मैदान

गेल्या महिन्यात देवासला एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पागनीस मास्तर तुमच्याच शाळेत होते ना? किती शांत माणूस."

मी पुरीचा तुकडा ताटात परत ठेवला. शांत. अकरा वर्षं मी या माणसाबरोबर एका शाळेत काढली. पाच वर्ग, दोन शिक्षक, एक हापसा, आणि प्रधानपाठक म्हणून सगळ्या कागदांवर माझी सही. त्या अकरा वर्षांत मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्यांचा आवाज कधी चढला नाही हे खरं आहे, कारण त्यांच्या वाटणीचं ओरडणंसुद्धा मीच करत होते.

देवासला पूर्वी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. पागनीसांचं घराणं थोरल्या पातीच्या पागेवर होतं. घोडे गेले, पागा गेली, आडनाव तेवढं राहिलं, आणि बोलणं राहिलं. माझं माहेर आणि सासर दोन्ही धारचं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण निम्मी हिंदी मिसळून. पागनीस सर मात्र मला "बाईसाहेब" म्हणायचे आणि बायकोच्या पत्राचा उल्लेख "घरून पत्र आलं" असा करायचे. मुलांशी बोलताना हाच माणूस अस्सल माळवीत शिरायचा. मुलं त्यांना माटसाब म्हणत. मी मॅडम. माटसाब म्हणताना मुलांचं तोंड हसरं व्हायचं, मॅडम म्हणताना सरळ. हे मला दिसत नव्हतं असं समजू नका.

नालछ्याच्या रस्त्यावर, मांडूला जाणाऱ्या गाड्या जिथून धूळ उडवत निघून जातात, तिथं आत वळलं की आमची शाळा. सर धारला खोली घेऊन राहत आणि रविवारी देवासला घरी जात. सकाळी स्कूटरवर यायचे. पायात कॅनव्हासचे बूट, खिशात गाठी मारलेली सुतळी, आणि डब्यात पोळी-साखरांबा, रोज तोच. स्कूटर सावलीत लावायचे आणि सावली सरकली की वर्ग सोडून बाहेर जाऊन स्कूटर सरकवायचे. दिवसातून तीनदा. मी एकदा म्हटलं, "सर, ती स्कूटर आहे, म्हैस नाही." ते म्हणाले, "उन्हात कोणालाही उभं करू नये, बाईसाहेब." आणि परत वर्गात गेले.

त्यांच्या वागण्याचं सगळं मूळ एका वाक्यात होतं: "ज्याचं आहे त्याला विचारा." ऐकायला फार छान वाटतं. त्याच्याबरोबर काम करून बघा. एकदा एक बाप पोराला पहिलीत घालायला घेऊन आला. आमचा पट आधीच उतरलेला, वरून रोज फोन, आणि इथं एक पोर स्वतःच्या पायानं दारात आलेलं. मी रजिस्टर उघडलं. सरांनी खाली बसून त्या पोराला विचारलं, "काय रे, आवेगो?" पोर म्हणालं, नी आउँ, नाही येणार. सर उठले आणि बापाला म्हणाले, "आठ दिवसांनी परत आणा, तोवर याला रोज सुट्टीत इथं खेळायला सोडा." मी पेनाचं टोपण चावत बसले. पोर पाचव्या दिवशी आपणहून वर्गात येऊन बसलं. पण ते चार दिवस माझे कसे गेले ते मला विचारा. मला कोणी विचारलं नाही.

तर असा माणूस, आणि त्याच्या निवृत्तीला आठ-नऊ महिने राहिलेले असताना वरून एक पत्र आलं. प्राथमिक शाळांना खेळाचं सामान मिळणार होतं, घसरगुंडी, झोका, सी-सॉ, आणि बसवण्यासाठी थोडंफार बांधकाम. सोबत एक छापील नकाशा होता. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, "बच्चों से चर्चा कर प्रस्ताव भेजें."

ही ओळ कशी हाताळायची हे आमच्या भागातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. कागदावर लिहायचं "चर्चा की गई", खाली सही, शिक्का, रवाना. बाकीच्या शाळांचे कागद त्याच दिवशी गेले. आमचा गेला नाही, कारण तो मी चुकून पागनीस सरांच्या हातात दिला होता.

"मुलांशी बोलायला सांगितलंय," ते म्हणाले.

"लिहायला सांगितलंय," मी म्हटलं.

"बोललो नाही तर लिहू काय?"

आणि ते बोलायला लागले. पहिल्या आठवड्यात मुलांनी जे काही सांगितलं ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं. आगगाडी. विमान. मांडूला बघितलेला तलाव, होडीसकट. एकाला हत्ती हवा होता, खराखुरा. सरांनी हत्तीही लिहिला. मी म्हटलं, झालं ना आता, पाठवा. ते म्हणाले, "हे टीव्हीचं बोलणं झालं. त्यांचं अजून यायचंय."

मग त्यांनी पहारा सुरू केला. म्हणजे असं: मधल्या सुट्टीत रोज चार मुलं खेळायची नाहीत, ओट्यावर बसून नुसतं बघायचं, कोण कुठं खेळतं, कुठं भांडण होतं, कोण कुठं पडतं. वर्गात येऊन सांगायचं. गणिताचा तास यात जायचा. मी विचारलं तर म्हणायचे, मोजतच आहेत. त्यातून निघालं काय, तर आम्ही दरवर्षी पंचायतीच्या मागे लागून जे पुढचं मैदान सपाट करून घेत होतो तिथं कोणी खेळतच नाही. सगळी पोरं हापशामागच्या खड्ड्यात. दुपारी पुढं ऊन, मागं चिंचेची सावली. अकरा वर्षं मी त्या खड्ड्यातून पोरांना ओढून पुढं आणत होते.

आणि दुसरं एक निघालं. चौथीतल्या एका मुलानं पहाऱ्याचा हिशेब देताना सांगितलं, सहा मुली कुठंच खेळत नाहीत, भिंतीशी उभ्या राहतात. सरांनी त्या मुलींना बोलावलं. सगळ्यांच्या कडेवर एकेक पोर. आई-बाप मजुरीला गेले की धाकटं भावंड मोठ्या बहिणीबरोबर शाळेत येतं, हे आमच्याकडं इतकं नेहमीचं आहे की मी त्याकडे कधी बघितलंच नव्हतं. सरांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? पाचवीतली रेसम, तिच्या कडेवर तिचा भाऊ गोलू, ती म्हणाली, "माटसाब, नाना के कां मेलां?"

नाना म्हणजे तान्हं पोर. धाकट्याला ठेवायचं कुठं, असं ती विचारत होती. झोका, घसरगुंडी नंतर, आधी हात मोकळे पाहिजेत. सरांनी ते वहीत लिहिलं आणि त्याखाली सुतळी धरून सरळ रेघ मारली. मला म्हणाले, "बाईसाहेब, ही पहिली मागणी." मी म्हटलं, बरं. तेव्हा मला वाटलं एका ओळीचं काम आहे.

आता नकाशा हवा होता. पाचवीपर्यंतच्या पोरांना कागदावर मैदान काढता येईना. कोणी झाड आडवं काढी, कोणी शाळेपेक्षा कोंबडी मोठी. श्राद्धपक्ष लागलेला. आमच्या माळव्यात त्या सोळा दिवसांत मुली घरोघरी भिंतीवर शेणाची संजा घालतात. रोज नवी आकृती, वर गुलतेवडीच्या, म्हणजे तेरड्याच्या, पाकळ्या, संध्याकाळी गाणी, प्रसाद. शेवटच्या दिवसांत सगळ्यात मोठी, किलाकोट, ज्यात आधीचं सगळं येतं. सरांनी मुलींना सांगितलं, यंदा शाळेच्या भिंतीवर मैदानाची संजा घाला.

शाळेची भिंत उन्हाळ्यातच रंगवून झालेली. तिच्यावर पाढे लिहिलेले. मी वर्गातून बाहेर आले तर मुलगे टोपल्यांतून शेण आणतायत आणि मुली सातच्या पाढ्यावर चिंचेचं झाड थापतायत. मी म्हटलं, "सर, ही सरकारी भिंत आहे." ते म्हणाले, "शेण आहे बाईसाहेब, धुतलं की जातं. सातचा पाढा त्यांना पाठ आहे."

आणि काय सांगू, ज्यांना कागदावर काही येत नव्हतं त्या मुलींनी भिंतीवर मैदान जसंच्या तसं उतरवलं. खिडकी म्हणजे हापसा, तिथून सगळं मोजायचं. रोज एक गोष्ट. मातीचा ढीग, त्याच्या उतारावर घसरगुंडी. चालायची बुटकी भिंत. लपायचं भुयार. चिंचेला दोर. वर चंद्र-सूर्य तर संजेत असतातच, त्यावरून सरांनी सकाळ-दुपारच्या सावल्या करून घेतल्या. आणि ओट्याला लागून, हापशापासून लांब, सावलीत, गुलाबी पाकळ्यांचं चौकोनी कुंपण, त्यात सहा गोळे. सहा तान्ही. एरवी रोजची आकृती काढून टाकतात, पण सरांच्या सांगण्यावरून त्यांनी ती ठेवली, वाढवत नेली. शेवटी ती भिंत बघायला गावातल्या बाया आल्या. मलाही आवडली. मी तसं बोलले नाही.

उपयंत्री, म्हणजे बांधकामाचा ज्युनिअर इंजिनिअर, यायचा होता अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. कन्नौदकडचा तरुण मुलगा, नुकता नोकरीला लागलेला, त्याच्याकडं अशा किती शाळा. तो येऊन नकाशा बघणार, मोजमाप घेणार, आणि प्रस्ताव त्याच दिवशी वर. त्या दिवशी सकाळी मी जीपमधून उतरले, फाटकातून आत आले आणि भिंतीकडे बघितलं. पाढे होते. सातचा थोडा हिरवट, बाकी स्वच्छ.

"सर, संजा?"

"काल बोळवली," ते म्हणाले.

"बोळवली म्हणजे?"

"तळ्यात. सर्वपित्री झाली. अमावास्येनंतर संजा भिंतीवर ठेवत नाहीत, बाईसाहेब."

मला वाटलं, मुलींनी केलं असेल, पोरी त्या, रिवाज म्हणून खरवडली असेल, यांना कळलं नसेल. तसं मी विचारलं. तर हे महाशय स्वतः शेणाचं टोपलं डोक्यावर घेऊन मुलींबरोबर गाणं म्हणत तळ्यापर्यंत गेले होते. कागदावर उतरवून घेतलं का? "राहिलं." मोबाइलवर फोटो? त्यांचा मोबाइल बटणांचा. माझ्या मोबाइलात एक होता, ग्रुपवर टाकायला काढलेला, त्यात सगळ्या मुली भिंतीपुढे ओळीनं उभ्या, सगळ्यांचे चेहरे छान आलेले, भिंत अजिबात दिसत नव्हती.

मी त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहीत नाही. सर ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, "चुकलं माझं," आणि स्कूटर सरकवायला गेले. तेवढ्यात उपयंत्री आला.

त्यानं विचारलं, नक्शा? सरांनी मुलांकडे हात केला. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण रेसमनं गोलूला दुसऱ्या एकीच्या हातात दिलं, स्वयंपाकाच्या चुलीतली राख भांड्यात घेतली आणि थेट मैदानावर जाऊन हापशापासून पावलं मोजत रेघ ओढायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. सोळा दिवस थापलेलं होतं, हातात बसलेलं होतं. जिनं जे थापलं होतं तिनं ते काढलं. कुठं दोघींचं जुळलं नाही की भांडण, मग पुन्हा पावलं. अर्ध्या तासात आख्खं मैदान राखेनं आखून तयार. उपयंत्री घसरगुंडी पुढं सरळ रांगेत घ्या म्हणाला, तर दुसरीतल्या पोरीनं त्याला सांगितलं, तिथं दुपारी बसून दाखव, पत्रा भाजतो. तो हसला, मग टेप काढून गुडघ्यावर बसला आणि तास-दोन तास उठला नाही. जाताना पँट राखेची झालेली.

सगळं त्यानं घेतलं. ढीग, भुयार, दोर, भिंत. शेवटी ओट्याजवळच्या चौकोनाशी आला आणि अडला. "मैडम, ये किस मद में डालूँ?" खेळासाठी मंजूर पैशात, म्हणजे त्या मदीत, तान्ह्या पोरांची जागा बसत नाही, अंगणवाडीची मद वेगळी, खातं वेगळं. तो म्हणाला, हे एक काढा, बाकी आज पाठवतो.

मी म्हटलं, काढा. सर म्हणाले, "हे काढलं तर बाकीचं कशाला?"

"सर, चाळीस मुलांचं होतंय."

"त्या सहा जणींचं नाही होत. त्यांनी सगळ्यात आधी मागितलं होतं."

"मग काय, सगळंच परत पाठवू?"

"पाठवा," ते म्हणाले. शांतपणे. हा त्यांचा शांतपणा. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, ज्याच्यासाठी इतके दिवस माझा जीव खाल्ला ते हातात आलेलं, आणि हा माणूस "पाठवा" म्हणतो. उपयंत्री घड्याळ बघत होता. सर वर्गावर गेले. मी तो चौकोन पेनानं खोडला आणि सही केली. चुकीचं केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही.

सुट्टी झाल्यावर त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं आता तरी चिडतील. ते म्हणाले, "ठीक. मग मुलींना तुम्हीच सांगा. सही तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी मी पाचवीच्या वर्गात उभी राहिले. झोका मिळणार, ढीग मिळणार, सगळं मिळणार, असं आधी मोठ्यानं सांगितलं. मग त्या चौकोनाचं सांगितलं. नियम असतात, मद असते, असं काय काय. मुलींना मद कळली नाही. रेसमनं गोलूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. रडली नाही, रागावली नाही. खरंच अडचण विचारावी तसं तिनं विचारलं, "तो मैडम, इनको आप रखोगी?"

वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाराशी पागनीस सर उभे होते, आणि आयुष्यात एकदाच त्यांनी मदत करायला हवी होती तेव्हा ते खडूची पूड झटकत राहिले. मी "हो, बघू" म्हटलं. आमच्याकडे मोठी माणसं पोरांना "बघू" म्हणतात त्याचा अर्थ नाही असा होतो. पण या शाळेत सरांनी पोरांना वेगळी सवय लावून ठेवली होती. मधल्या सुट्टीत सहाजणी सहा पोरं घेऊन माझ्या ऑफिसच्या दारात हजर.

मैदान बांधून व्हायला मार्च उजाडला. चांगलं झालं, वाकडंतिकडं, कुठल्याही छापील नकाशात न बसणारं. आणि सहाजणी दारात आल्या त्या दिवसापासून मधली सुट्टी म्हणजे माझ्या ऑफिसात सहा तान्ही. एक शाईच्या शिक्क्यावर बसतं, एक रजिस्टरची पानं चघळतं, गोलूला माझा चष्मा लागतो. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांच्या खुर्चीवर ओल होती. मी काय उत्तर दिलं असेल याची कल्पना करा. माझा डबा गार होतो. माझी पाठ दुखते. हे सगळं कोणामुळं, तर ज्याला देवासचे लोक शांत म्हणतात त्याच्यामुळं.

सरांचा शेवटचा दिवस होता. हारतुरे, नारळ, शाल, सगळं सकाळीच झालं. भाषण मला करायचं होतं, मी चार ओळी बोलून बसले. मनात ठरवलं होतं, निघताना एकटे असताना काय ते बोलू. चौकोन खोडल्याचं एकदा नीट बोलायचं होतं. त्यानंतर आम्ही त्याबद्दल कधी बोललोच नव्हतो.

मधल्या सुट्टीत ते माझ्या दारात आले. खांद्याला पिशवी, अंगावर शाल तशीच. खोलीत बघितलं. तीन पोरं सतरंजीवर, दोन टेबलाखाली, आणि गोलू माझ्या मांडीवर नुकता झोपलेला, त्याचं डोकं माझ्या हातावर. मी उठायला लागले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी हळू आवाजात म्हटलं, "सर, थांबा ना, हा उठेल आत्ता, मला बोलायचंय." त्यांनी मान हलवली, दोन्ही हात जोडले, अगदी वाकून, थोरल्या पातीच्या रीतीनं, आणि गेले.

खिडकीतून मला दिसलं, ते ढिगापाशी थांबले. वर रेसम होती, हात दोन्ही मोकळे, ओढणी कमरेला बांधलेली, घसरायच्या आधी ओरडत होती. त्यांनी तिला हाक मारली नाही, बघत राहिले, आणि मग फाटकातून बाहेर पडले. अकरा वर्षं बरोबर काढलेला माणूस कायमचा चालला होता आणि मला दारापर्यंतसुद्धा जाता आलं नाही, कारण पोर नुकतं झोपलं होतं आणि हलले असते तर उठलं असतं.